काचेतले तळे आणि भिंतीतली वीज

वरंधच्या पंचक्रोशीत मासे जपणे ही काही नवी गोष्ट नव्हे. महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. डोह वरदायिनी देवीचा, आणि त्यातले मासेही देवीचेच; म्हणून तेथे कोणी जाळे लावीत नाही की गळ टाकीत नाही. भाविक येतात, माशांना खाऊ घालतात आणि हात जोडून परततात. त्या डोहाला ना पंप लागतो, ना दिवा. पाणी वाहते, खडकावर आपटते, हवा घेते. ऊन पडले की तापते, रात्र झाली की निवते. सगळा कारभार नदी आपला आपणच पाहते.

मासा माणसाच्या घरात काचेआड राहायला आला, तेव्हा मात्र नदीची ही कामे दुसऱ्या कोणाला तरी करावी लागली. ती विजेने अंगावर घेतली. पाणी आणि वीज ही दोन माणसे मुळात एका घरात नांदणारी नव्हेत. आपण त्यांना एका स्टुलावर शेजारी शेजारी बसवले. त्यांचे भांडण होऊ नये म्हणून माणसाने काय काय योजले, आणि त्यातले काय पुरे पडते व काय पडत नाही, हा इतिहास वाचकहो, घरात फिशटँक असणाऱ्याने एकदा तरी वाचावा असा आहे.

सोनेरी मासे हौसेने पाळण्याचा प्रघात चीनमध्ये सुंग राजवटीपासूनचा. पण ते मासे हौदात आणि भांड्यात असत. काचेच्या पेटीत पाणी न बदलता मासे जगवता येतात, हे १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. पाणवनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजका पाला खातात आणि मासे सुखाने राहतात, असा त्याचा हिशेब होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याचे या विषयावरचे पुस्तक निघाले. मग काय विचारता! इंग्लंडातल्या बैठकीच्या खोल्यांतून काचपेट्या दिसू लागल्या.

त्या काळी घरात वीज नव्हती. उष्ण देशांतले मासे थंड देशात जगवायचे, तर पेटीच्या तळाशी दिवा किंवा गॅसची ज्योत ठेवीत. म्हणजे आगीचे भय या हौसेत पहिल्यापासूनच होते. फरक एवढाच, की तेव्हाची आग डोळ्यांना दिसे. घरातल्या बाईला ठाऊक असे, की पेटीखाली दिवा आहे, निजताना तो पाहावा. विजेने ज्योत नाहीशी केली, आणि ज्योतीबरोबर सावधपणाही गेला.

आपल्याकडे वीज आली ती मुंबईत आधी. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. १९२७ हे वर्ष महाडकरांना निराळे सांगायला नको. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात, मुळशीचे पाणी कड्यावरून खाली उतरवून भिऱ्यास वीज होऊ लागली. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. सेनापती बापटांनी त्यासाठी सत्याग्रह केला, हेही विसरू नये. ही वीज मात्र प्रथम गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज मिळू लागली, आणि त्यापुढे हळूहळू खांब आणि तारा आमच्या खेड्यापाड्यांत आल्या. म्हणजे आमची वीज मुळात पाण्याचीच लेक. परंतु माहेरी परत आली की ती अनर्थ करते.

माशांची हौसही मुंबईच्याच वाटेने आली. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. महाड-पोलादपूरकडचा चाकरमानी मुंबईत पोराबाळांना मत्स्यालय दाखवायचा, आणि गणपतीला गावी येताना कधी काचेची पेटी घेऊन यायचा. आज तर ती तालुक्याच्या बाजारातही मिळते.

आता विजेच्या राखणदारांकडे वळू. पहिला राखणदार फ्यूज. एडिसनने १८९० साली त्याचे पेटंट घेतले. तारेतून प्रमाणाबाहेर वीज वाहू लागली की फ्यूजची बारीक तार वितळते आणि प्रवाह तुटतो. आमच्याकडे मात्र फ्यूज वारंवार जातो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळण्याची जुनी खोड आहे. राखणदार सारखा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखेच हे! दुसरा राखणदार एमसीबी. जर्मनीत १९२४ साली ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात त्याचा जन्म झाला. तो तेच काम करतो, पण जळून न जाता नुसता खाली पडतो. पुन्हा वर केला की झाले.

तिसरा राखणदार पाण्याच्या पोटीच जन्मला म्हणा. १९५० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी गळती ओळखणारे यंत्र तयार केले. १९६१ साली अमेरिकेत प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी अगदी थोड्या गळतीवर तुटणारे यंत्र सिद्ध केले. आणि १९६८ साली तिकडच्या नियमांनी पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांना ते सक्तीचे केले. आपण त्याला आरसीसीबी म्हणतो. गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो तोलून पाहतो. मध्येच ३० मिलिअँपियर एवढी वीज पाण्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे पळाली, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो प्रवाह तोडतो. पेटीत हात घालणाऱ्या पोराचा जीव वाचवणारा हाच.

तर मग एवढे तीन राखणदार असता आग लागतेच कशी? इथेच खरी मेख आहे. जरा हिशेब करून पाहू. पेटीतला हीटर धरा १०० वॅट, पंप १० वॅट, दिवा २० वॅट. एकूण १३० वॅट. घरातला साधा एमसीबी ६ अँपियरचा. म्हणजे २३० व्होल्टला १,३८० वॅट होईपर्यंत त्याची काही तक्रार नाही. आता वायरवरून ओघळून एक-एक थेंब सॉकेटमध्ये जातो. पाणी सुकते, क्षार मागे राहतात. पुन्हा थेंब, पुन्हा क्षार. दोन पितळी पिनांच्या मध्ये क्षाराची एक ओलसर वाट तयार होते. त्या वाटेने बारीक ठिणग्या चालतात, प्लास्टिक करपते, आणि करपलेला कोळसा विजेला आणखी चांगली वाट देतो. त्या वाटेने अवघी ०.३ अँपियर वीज वाहिली, तरी ६९ वॅटची उष्णता नखाएवढ्या जागी साठते. फ्यूजच्या दृष्टीने हे काहीच नाही. आणि आरसीसीबीलाही ते कळत नाही. कारण वीज एका पिनेतून निघून दुसऱ्या पिनेत परत गेली, जमिनीकडे पळालीच नाही. तिन्ही राखणदार जागे असून चोर त्यांच्या समोरून जातो. या चोराला अडवणारा चौथा राखणदार म्हणजे तुमचा हात.

म्हणून हातानेच करायच्या गोष्टी सांगतो. त्यांना फारसा खर्च नाही.

पहिली गोष्ट, वायरला झोल द्या. पेटीतून निघालेली वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्यावी आणि मग वर चढवून प्लग लावावा. थेंब झोलाच्या तळाशी येतो आणि जमिनीवर पडतो. चढ चढून सॉकेटात जात नाही. घराच्या पागोळ्यांचे पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून पत्रा पुढे काढतात, तोच हा न्याय.

दुसरी गोष्ट, बोर्ड पेटीच्या खाली किंवा मागे जमिनीवर ठेवू नका. तो भिंतीवर, बाजूला, हाताला लागेल असा हवा. सैल प्लग, तडा गेलेले सॉकेट, एका बोर्डातून दुसरा बोर्ड ओढलेला, असे काही दिसले तर वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या आणि आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. महिन्यातून एकदा त्याचे परीक्षेचे बटण दाबून पाहा.

तिसरी गोष्ट हवेच्या पंपाची. पावसाळ्यात घाटाखाली वीज जाते-येते. वीज गेली की नळीतून पाणी उलटे उतरते आणि खाली ठेवलेल्या पंपात, तेथून बोर्डावर येते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवा, नाहीतर नळीत उलटे पाणी अडवणारी झडप घाला.

चौथी गोष्ट हीटरची. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबा. उघडा पडलेला हीटर तापत राहतो, आणि गार पाणी लागताच त्याची काच तडकते. आणि खरे सांगायचे, तर आमच्या उष्ण-दमट हवेत वर्षातले बरेच महिने हीटरची गरजच नसते. पाण्यात थर्मामीटर ठेवा. पारा २४ अंशांच्या वर असेल, तर बहुतेक नेहमीच्या माशांना तेवढे पुरते. मग हीटर काढून ठेवा. जे यंत्र लावलेच नाही, ते पेटतही नाही.

पाचवी गोष्ट जागेची. आमच्या जुन्या कौलारू घरांत लाकडी माळा असतो, माळ्यावर सरपण नाहीतर पेंढा. अशा जागी पेटी मांडू नये, आणि पडदा सॉकेटाला टेकू देऊ नये. करपल्याचा वास आला तर आधी मेन स्विच बंद. वीज चालू असता आगीवर पाणी ओतू नका, मग शेजारी भरली पेटी का असेना. कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीला चालणारे अग्निशामक वापरा, आणि आग आटोक्यात येत नसेल तर माणसे बाहेर काढून १०१ ला फोन करा.

शेवटी एक गोष्ट आपल्या मुलखाची. २००५ आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसे गेली. अशा दिवसांत माशांची कोणाला आठवण? पण पूर ओसरल्यावर घरोघरी जो प्रश्न पडतो, तो छोट्या रूपात पेटीपाशी रोजच असतो: ओल्या बोर्डाचे बटण दाबायचे की नाही? पुरानंतर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही, हे आपण शिकलो आहोत. पेटीतला पूर लहान म्हणून त्याला निराळा नियम लावू नका. आज रात्री निजण्यापूर्वी पेटीमागे एकदा टॉर्च मारून पाहा, आणि बोर्डावर पांढऱ्या क्षाराचा डाग दिसला तर मेन स्विच बंद ठेवून सकाळी पहिले काम तेवढेच करा.