पंखा हळू केला, तर उरलेली वीज जाते कुठे?

विजेपूर्वीच्या हिंदुस्थानात पंख्याचा वेग माणसाच्या हातात असे, आणि तो हात दुसऱ्याचा असे. साहेबाच्या बंगल्यात छताला टांगलेली कापडी झालर व्हरांड्यातला पंखेवाला दोरीने ओढत राही. वारा मंदावला की आतून आरोळी येई, डुलकी लागली तर लाथही बसे. अशा मारहाणीत पंखेवाल्यांचे जीव गेल्याचे खटले न्यायालयांपर्यंत पोहोचले आहेत.

विजेचा छतपंखा अमेरिकेत १८८०च्या दशकात जन्मला. सिंगर कंपनीत काम करणाऱ्या, मूळच्या जर्मन फिलिप डील याने शिवणयंत्राची मोटर छताला टांगून तिला पाती जोडली. कोलकात्यात १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला, तो डीसी होता.

डीसी मोटरचा स्वभाव सरळ असतो: विजेचा दाब कमी केला की वेग कमी होतो. म्हणून तिच्या वाटेत रोधक तारेची वेटोळी घालायची आणि खटका फिरवून किती वेटोळी वाटेत ठेवायची ते ठरवायचे. भिंतीवरचा तो जड, काळा रेग्युलेटर म्हणजे एवढेच. त्याला हात लावला की तो गरम लागे. पंख्याने न घेतलेल्या विजेचा बराच भाग तिथे उष्णता होऊन जाई. पंखा हळू ठेवला की बिल वाचते, हा घरोघरीचा समज त्यामुळे खोटा नव्हता, पण पुरता खराही नव्हता.

पुढे एसीची सरशी झाली, कारण तिचा दाब सहज चढवता-उतरवता येतो आणि वीज दूरवर नेणे परवडते. तिच्यासाठी फेरारिस आणि टेस्ला यांनी स्वतंत्रपणे शोधलेली इंडक्शन मोटर १८८८ मध्ये जगापुढे आली. ना ब्रश, ना ठिणग्या. वर्षानुवर्षे बिनतक्रार फिरणारी. मात्र तिला वेगाची मुभा नव्हती. ५० सायकलच्या पुरवठ्यावर १४ ध्रुवांच्या पंख्यातले चुंबकक्षेत्र मिनिटाला सुमारे ४२९ फेरे घेते. हा आकडा घरातला खटका ठरवत नाही, वीजकेंद्र ठरवते.

मग जुना रेग्युलेटर एसीवर चालला कसा? दाब कमी झाला की चुंबकक्षेत्राची पकड ढिली पडते आणि पंखा त्याच्यामागे रेंगाळू लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून कमी वेगाला तो तोल सांभाळून फिरत राहतो. पिठाच्या गिरणीच्या मोटरवर हाच प्रयोग केला, तर दाणे दळायचे राहतील आणि मोटर अडकून जळेल. म्हणजे रेग्युलेटर यशस्वी झाला तो हवेच्या कृपेने!

१९६०च्या दशकात ट्रायॅक आला. विजेची प्रत्येक अर्धी लाट काही अंशी अडवायची, सेकंदाला १०० वेळा. डबा आटोपशीर झाला, उष्णता ओसरली. पण तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या विजेवर पंखा गुणगुणू लागला. शांत झोपेची ज्यांना किंमत होती, त्यांना ही सुधारणा फारशी रुचली नसावी. कपॅसिटरच्या रेग्युलेटरने ती गुणगुण घालवली आणि तो स्वतः जवळजवळ तापतही नाही.

तरीही मूळ दुखणे राहिलेच. चुंबकक्षेत्राच्या मागे रेंगाळणारा पंखा आपल्याच पोटात वीज जाळतो. रेग्युलेटर कितीही सुधारला, तरी मोटरचा स्वभाव तोच.

उत्तर निघाले ते मोटरच बदलून. विल्सन आणि ट्रिकी यांनी १९६२ मध्ये ब्रशविरहित डीसी मोटरची कल्पना मांडली होती. इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाल्यावर ती छतापर्यंत पोहोचली. बीएलडीसी पंख्यातले सर्किट घरातल्या एसीची डीसी करते आणि हव्या त्या गतीने फिरणारे चुंबकक्षेत्र स्वतःच घडवते. वेग ठरवणारी वारंवारता वीजकेंद्रातून पंख्याच्या पोटात आली. नेहमीचा पंखा पूर्ण वेगाला साधारण ७५ वॅट घेतो, हा ३०च्या आसपास. आणि हळू केला की त्याची भूक खरोखरच घटते. भारतात २०२३ पासून छतपंख्यांना स्टार मानांकन सक्तीचे झाले, तेव्हा दुकानांतून तो ठळकपणे दिसू लागला.

हा पंखा बसवायला आलेला जाणता वायरमन आधी भिंतीवरचा रेग्युलेटर काढतो आणि तिथे साधे बटण लावतो.