आज कोरड्यास काय?

‘केळं खा, सेरोटोनिन वाढेल, मूड सुधारेल.’ असले रील तुमच्याही फोनवर येत असतील. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतःच बनवतो, आणि त्यासाठी त्याला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लागतं. ते दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी, मटण यांतून मिळतं. म्हणजे मूडचा प्रश्न एका फळाचा नाही, अख्ख्या ताटाचा आहे.

ताटाच्या या हिशोबासाठी आमच्या कोल्हापूरकडं एक नेमका शब्द आहे : कोरड्यास. भाकरीबरोबर जे खायचं ते कोरड्यास. आमटी, भाजी, रस्सा, काहीही. ‘आज कोरड्यास काय?’ हा प्रश्न इथल्या घराघरात रोज विचारला जातो. गेल्या शतकात दोन प्रयोगशाळांनीही हाच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला.

पहिली निलगिरीतल्या कुन्नूरची. तिथं डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२०च्या दशकात उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण दिलं. वजनात शिखांच्या ताटावरचे उंदीर पहिले आले, पठाणांचे दुसरे, मराठ्यांचे तिसरे. मराठा ताटावर सरासरी २२५ ग्रॅम, तर शेवटच्या मद्रासी ताटावर १५५. पुढच्या प्रयोगात एका गटाला शिखांचं जेवण दिलं : चपाती, लोणी, दूध, डाळ, भाज्या. दुसऱ्याला गरीब इंग्रजांचं : पांढरा पाव, मार्गारीन, जॅम, डब्यातलं मटण, उकडलेला कोबी-बटाटा आणि नावाला दूध घातलेला गोड चहा. पहिला गट गुण्यागोविंदानं राहिला. दुसऱ्या गटातले उंदीर बिथरले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि साठाव्या दिवसापासून आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण दुसरी गोष्ट माणसांचीच आहे, आणि आपल्या दख्खनचीच.

पेलाग्रा नावाचा आजार आहे. त्यात कातडी काळवंडते, जुलाब लागतात, माणूस उदास होतो, झोप उडते, शेवटी भ्रम होतो. जगभर तो मका खाणाऱ्या गरिबांना होई आणि युरोप-अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण भरलेले असत. अमेरिकेत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या कैद्यांना निकृष्ट जेवण देऊन दाखवून दिलं, की हा रोग जंतूंचा नसून ताटाचा आहे. १९३७ मध्ये उपायही सापडला : नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. शरीर ते ट्रिप्टोफॅनपासूनही बनवतं.

कुन्नूरची संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तिथल्या डॉक्टरांना पेलाग्रा दिसला तो मका न खाणाऱ्यांत! हे रुग्ण ज्वारीवर जगणारे गरीब होते. १९६० मध्ये डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसीन हे अमिनो आम्ल यामागं असावं. त्यावर पुढं बराच वाद झाला. पण नायसिन दिल्यावर असे रुग्ण काही दिवसांतच मनानं ताळ्यावर येतात, याबद्दल वाद नाही.

मग ज्वारी वाईट का? अजिबात नाही. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्यात एक छोटी लायब्ररी गहाळ झाली तरी अख्खा प्रोग्रॅम बसतो, आणि दोष मात्र प्रोग्रॅमला मिळतो. ज्वारीचं तसंच आहे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी घ्या : शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असतं. वर दही, आमटी, कधी पांढरा रस्सा. एवढ्यावर पेलाग्रा फिरकत नाही. आजारी पडला तो ज्याच्या ताटात नुसती भाकरी, मीठ आणि मिरची होती तो. त्याच्या उदासीचं कारण स्वभाव नव्हता, नशीबही नव्हतं. कोरड्यास नव्हतं.

म्हणून ‘आमचं पारंपरिक जेवण किती शहाणं’ ही फुशारकी मला अर्धीच पटते. ताट शहाणं होतं, पण ते सगळ्यांना मिळत नव्हतं. १९६३ मध्ये इथं गोकुळ दूध संघ उभा राहिला आणि गावोगावच्या गोठ्यांत रोख पैसा आला. तरी सकाळी डेअरीला दूध घातल्यावर घरच्या पोरांच्या पेल्यात किती उरतं, हा प्रश्न राहतोच.

आणि आपण? रात्रीच्या डिप्लॉयमेंटला चहा-खारी, सकाळी पाव-जॅम. कुन्नूरच्या त्या दुसऱ्या पिंजऱ्याचा मेनू आठवून बघा.

नैराश्य आलं तर डॉक्टरच गाठायचा. चटणी हे औषध नाही. पण एखादा मित्र सतत चिडलेला, विझलेला दिसला, तर त्याला केळ्याचा रील पाठवू नका. तो काय जेवतो ते विचारा, आणि जमलं तर आपल्या डब्यातलं कोरड्यास त्याच्यापुढं सरकवा.