लसूण घातलेल्या काचऱ्या : पाहुणा बटाटा आणि घरचा परका लसूण

(धागा)

१/ बटाट्याच्या पातळ चकत्या, तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी, ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, हळद, तिखट, मीठ. महाराष्ट्रातील असंख्य घरांत काचऱ्यांची भाजी अशीच होते. या एका कढईत दोन अगदी भिन्न इतिहास एकत्र येतात. बटाटा भारतात येऊन जेमतेम चार शतके झाली. लसणाचा येथील मुक्काम दोन हजार वर्षांहून जुना आहे. तरीही एकादशीच्या ताटात जागा मिळाली ती बटाट्याला. लसूण मात्र आजही त्या ताटाबाहेर आहे. हे कसे घडले?

२/ बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजी. आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर असलेल्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात, काही सहस्रकांपूर्वी, तेथील लोकांनी तो लागवडीखाली आणला. क्वेचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला.

३/ मग मराठीत ‘बटाटा’ कोठून आला? कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. युरोपीय खलाशांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो दुसऱ्या कंदालाही चिकटला. पोर्तुगीजांमार्फत तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला. म्हणून मराठी, कोंकणी आणि गुजराती या तिन्ही भाषांत तो ओळखीचा आहे. उत्तरेत मात्र ‘आलू’ हे कंदांसाठीचे जुने नाव नव्या पाहुण्याला मिळाले. पश्चिमेने वस्तूबरोबर नावही स्वीकारले. उत्तरेने वस्तू घेतली आणि नाव आपले दिले.

४/ इंग्रज राजदूत थॉमस रो याच्यासोबत जहांगिराच्या काळात भारतात आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने आसफखानाच्या मेजवानीतील ‘पोटॅटो’चा उल्लेख केला आहे. त्याचा ग्रंथ १६५५ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून मुघल दस्तरखानावर बटाटा होता, असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्या काळी इंग्रजीत हाच शब्द रताळ्यासाठीही वापरला जाई. त्यामुळे टेरीने नेमके काय खाल्ले, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. साधन वाचताना शब्द आणि वस्तू यांच्यातील अंतर विसरू नये, याचे हे उत्तम उदाहरण.

५/ महाराष्ट्रात बटाटा खऱ्या अर्थाने रुजला तो एकोणिसाव्या शतकात. महाबळेश्वरच्या तुरुंगात मलाया-सिंगापूरकडून पाठवलेले चिनी कैदी होते. तेथील भाजीपाल्याच्या आणि बटाट्याच्या बागायतीत त्यांचा मोठा वाटा होता. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये खेड-जुन्नर भागातील बटाट्याच्या लागवडीची नोंद आढळते. आजही आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी ओळखले जाते. आपण ज्याला ‘घरची साधी भाजी’ म्हणतो, तिच्यामागे अँडीजचे शेतकरी, पोर्तुगीज व्यापारी, चिनी कैदी आणि मावळपट्ट्यातील कुणबी असे सगळे उभे आहेत.

६/ आता लसूण. मध्य आशियातून आलेली ही वनस्पती भारतात इतकी जुनी आहे की आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत तिचे गुण सविस्तर वर्णिलेले आहेत. तिचे एक नाव ‘रसोन’. सहा रसांपैकी एक, आम्ल, तिच्यात उणा. म्हणून रस अधिक ऊन, अशी व्युत्पत्ती वैद्य सांगतात. म्हणजे उरलेले पाचही रस एकाच पाकळीत!

७/ १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रांवरील एक संस्कृत हस्तलिखित मिळाले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या ‘बॉवर हस्तलिखिता’चा आरंभीचा भाग लसणाच्या स्तुतीला वाहिलेला आहे. त्यातील कथेनुसार विष्णूने असुराचा कंठ छेदला, तेव्हा भूमीवर पडलेल्या रक्तबिंदूंतून लसूण उपजला. म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत. औषध म्हणून थोर, उत्पत्तीने मात्र अशुद्ध!

८/ यावर त्याच ग्रंथातील तोडगा मोठा रंजक आहे. गाईला तीन दिवस जवळजवळ उपाशी ठेवावे, मग गवतात लसणाची पात मिसळून चारावी. तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने घ्यावे. रोगही जातो आणि आचारही टिकतो. मनुस्मृतीने द्विजांना लसूण वर्ज्य ठरवला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो, की मध्यदेशात चांडाळ सोडले तर कोणी कांदा-लसूण खात नाही. हे वर्णन सरसकट खरे मानण्याचे कारण नाही. परंतु लसणाचा वास माणसाची सामाजिक पायरी ठरवू लागला होता, हे त्यातून स्पष्ट दिसते.

९/ उपवासाचा मूळ नियम धान्य टाळण्याचा. ‘फराळ’ हा शब्दच ‘फलाहारा’वरून आला, फळे आणि कंद चालत. बटाटा आला तो ‘कंद’ या जुन्या कप्प्यात सहज बसला. त्याच्याविरुद्ध कोणत्याही ग्रंथात वचन नव्हते, कारण ग्रंथकर्त्यांनी तो पाहिलाच नव्हता. लसूणही जमिनीखालीच वाढतो. पण त्याच्यावर निषेधाचा शिक्का आधीच बसलेला होता.

१०/ एकादशीचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका : सगळे मूळचे अमेरिका खंडातील. बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचणाऱ्या चालुक्य राजा सोमेश्वराला यातील एकही पदार्थ ठाऊक असणे शक्य नव्हते. परंपरेने कप्पे जुने ठेवले आणि त्यांतील जिन्नस बदलू दिले.

११/ लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरांत काचऱ्यांना हिंगाची फोडणी बसते. गंमत अशी, की हिंग आणि लसूण या दोहोंचा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांमुळेच येतो आणि हिंग शतकानुशतके इराण-अफगाणिस्तानातून येत राहिला. चातुर्मासापूर्वी येणारी कांदेनवमीही हेच सांगते : निषेध पाळणाऱ्यांनाही त्या चवीची ओढ होतीच.

१२/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रस्त्यावर बटाटा आणि लसूण उघडपणे एकत्र आले. वडापावातील वडा बटाट्याचा, सुकी चटणी लसणाची आणि ‘पाव’ हा शब्द पुन्हा पोर्तुगीज. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी एकाच गाडीसमोर उभे राहून तो खाऊ लागले. शेजारच्याची पंगत कोणती, हे तेथे कोणी विचारत नव्हते.

१३/ म्हणून ‘आपले अन्न’ आणि ‘परके अन्न’ असा वाद निघाला की काचऱ्यांची कढई आठवावी. परदेशातून आलेला बटाटा दोन-तीन शतकांत पवित्र ठरला; सहस्रके येथेच राहिलेला लसूण अनेक घरांच्या उंबऱ्याबाहेर राहिला. एखादा पदार्थ किती जुना, यावर त्याची शुद्धता कधीच ठरली नाही. तो कोण खातो आणि निषेध लिहिणारा कोण, यावर ती ठरत आली.