प्रतिमेचा प्रवास आणि प्रतिमेचा मुक्काम : महाराष्ट्रातील दूरवैद्यकाचा एक मागोवा

मुळशी तालुक्यातील कासार आंबोली हे गाव पुणे–पौड रस्त्यावर, पिरंगुटच्या पुढे लागते. पुणे शहर जवळ असल्यामुळे दूरवैद्यकाच्या चर्चेत अशा गावांचा विचार सहसा होत नाही. ही सोय गडचिरोली वा नंदुरबारसाठी, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. क्ष-किरण चित्राचे पाकीट घेऊन शहरातील तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे रुग्णाचा आणि सोबत्याचा एका दिवसाचा रोजगार बुडणे होय. हे पाकीट माणसावाचून कसे प्रवास करू लागले आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रतिमा दूरच्या जाणकाराकडे धाडण्याची कल्पना क्ष-किरणांइतकीच जुनी आहे. नोव्हेंबर १८९५ मध्ये शोध लागल्यानंतर राँटगेन यांनी १ जानेवारी १८९६ रोजी आपल्या निबंधासोबत छायाचित्रे सहकाऱ्यांना टपालानेच पाठविली होती. पुढे १९५० च्या सुमारास अमेरिकेत गर्शन-कोहेन आणि कूली यांनी वेस्ट चेस्टरहून फिलाडेल्फियास टेलिफोनच्या तारेवरून क्ष-किरण चित्रे पाठवून दाखविली.

भारतात ही वाट प्रामुख्याने उपग्रहाने मोकळी केली. देशातील उपग्रह दळणवळणाचे पहिले व्यापारी भूकेंद्र १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उभे राहिले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. तथापि रुग्णांच्या प्रतिमांसाठी उपग्रहाचा नियमित उपयोग व्हावयास आणखी तीन दशके जावी लागली. आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथील केंद्र २००० मध्ये सुरू झाले. २००१ पासून इस्रोने रुग्णालये जोडण्यास आरंभ केला. त्या जाळ्यातूनच मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि चिपळूणजवळील डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांचा दुवा जुळला. कोकणातील कर्करुग्णाच्या दृष्टीने मुंबईची एक फेरी वाचणे ही लहान गोष्ट नव्हती.

प्रतिमा पोहोचणे आणि ती निदानास योग्य अशा स्थितीत पोहोचणे, या दोन भिन्न बाबी आहेत. सीटी स्कॅनच्या एका छेदात सामान्यतः ५१२ गुणिले ५१२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरल्यास एका छेदासाठी अर्धा मेगाबाइट लागतो, आणि एका तपासणीत असे शेकडो छेद असू शकतात. करड्या रंगाच्या सुमारे ४,०९६ छटा त्यात नोंदविल्या जातात. तीच फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलने टिपली की प्रत्येक बिंदूसाठी जेमतेम २५६ छटा उरतात. हाड मोडले आहे की नाही, एवढे त्यावरून बहुधा कळते. फुप्फुसातील बारीक डाग मात्र हरवू शकतो. याच कारणास्तव यंत्रायंत्रांत समान भाषा असावी म्हणून १९८३ मध्ये सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९९३ मध्ये ‘डायकॉम’ हे मानक सिद्ध झाले. भारत सरकारच्या २०१६ च्या आरोग्य-नोंद मानकांनीही प्रतिमांसाठी तेच स्वीकारले आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण मात्र उपचाराचे नाही, नियंत्रणाचे आहे. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य (१९८८). असे असूनही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुलीच आढळल्या. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंदयंत्र जोडण्याची योजना आली व १० मार्च २०१० च्या परिपत्रकाने ते बंधनकारक झाले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णेच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०११ रोजी परिपत्रक वैध ठरविले. त्यामागील एक कारण विशेष लक्षणीय आहे: प्रतिमा कोणत्याही सर्व्हरकडे पाठविली जात नाही, ती यंत्रातच राहते आणि संशयास्पद प्रकरणातच अधिकारी ती पाहतात, असे न्यायालयाने नोंदविले. म्हणजे खासगीपणाचा आक्षेप फेटाळला गेला तो काही अंशी प्रतिमा जागची हलत नाही या आधारावर. दूरवैद्यकाचा तर पायाच मुळी प्रतिमा हलविणे हा आहे! कोल्हापूरच्या निवाड्याचा हा भाग दूरवैद्यकाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने वाचावयास हवा.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दूरस्थ सल्ल्यास देशव्यापी चौकट दिली. रुग्णाने स्वतः सल्ला मागितल्यास संमती गृहीत धरली जाते. डॉक्टर वा आरोग्यसेवकाने आरंभ केल्यास स्पष्ट संमती लागते. सल्ल्यासाठी आलेल्या प्रतिमा व अहवाल जतन करण्याचे दायित्व डॉक्टरवर आहे. परंतु खेड्यात प्रतिमा पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे, तर पुतण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून जाते, आणि तिची एक प्रत तेथेच राहते. या मधल्या माणसाला २०२० ची तत्त्वे लागू होत नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पूर्वी कपाटावर पडून राहणारे पाकीट निदान घरातच असे.