मार्च १९६८, नॅशव्हिल : एका तबकडीचे पुरावे

द बर्ड्‌स या कॅलिफोर्नियाच्या वाद्यवृंदाची 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही लाँग प्ले तबकडी कोलंबिया कंपनीने ३० ऑगस्ट १९६८ रोजी विक्रीला आणली. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत ती दहा आठवडे राहिली आणि ७७व्या क्रमांकाच्या वर कधी चढली नाही. याच मंडळींच्या आधीच्या पाचही तबकड्या पहिल्या पन्नासात पोचल्या होत्या. त्या काळच्या हिशेबाने ही पडलेली तबकडी. पुढे २००३ साली 'रोलिंग स्टोन'ने सर्व काळातल्या पाचशे तबकड्यांची यादी केली, तेव्हा हीच तबकडी ११७व्या जागी होती. कंट्री-रॉकचा विषय निघाला की आजही पहिलं नाव हिचंच निघतं.

हे कसं झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा एका माणसाच्या गोष्टीतून दिलं जातं. ग्रॅम पार्सन्स हा जॉर्जियात वाढलेला, श्रीमंत घरातला, हार्वर्ड अर्ध्यावर सोडलेला एकवीस वर्षांचा मुलगा बर्ड्‌समध्ये आला. त्याने रॉकवाल्यांना कंट्रीची दीक्षा दिली. मग त्याचा आवाज तबकडीवरून पुसला गेला. आणि १९ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो जोशुआ ट्री इथे वारला. गोष्ट चटका लावणारी आहे आणि तिचे तुकडे खरेही आहेत. पण ही तबकडी घडली त्या महिन्यांचे करार, ध्वनिमुद्रणाच्या तारखा, फिती आणि विक्रीच्या याद्या शेजारी ठेवल्या, की या तबकडीच्या टिकण्याचं श्रेय एका माणसाच्या पदरात घालणं मला पटत नाही.

सुरुवात करारापासून करू. १९६७ साली डेव्हिड क्रॉस्बी आणि मायकेल क्लार्क गेल्यावर बर्ड्‌समध्ये रॉजर मॅग्विन आणि क्रिस हिलमन हे दोघेच उरले. हिलमनचा मामे-चुलत नात्यातला भाऊ केव्हिन केली ड्रम्सवर आला, पाठोपाठ पार्सन्स आला. कोलंबियाशी नव्याने करार झाला २९ फेब्रुवारी १९६८ रोजी, आणि त्यात पार्सन्स आणि केली सामील नव्हते. ते दोघे मॅग्विन आणि हिलमनकडून पगार घेत. पार्सन्सला कंट्रीकडे जायचं होतं यात शंका नाही. पण मॅग्विनच्या डोक्यात तेव्हा वेगळीच योजना होती: जुन्या लोकगीतांपासून थेट इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरपर्यंत अमेरिकन संगीताचा प्रवास मांडणारी दुहेरी तबकडी. ती मागे पडली आणि कंट्री पुढे आलं. यात हिलमनचं वजन पार्सन्सच्या पारड्यात पडलं असणार, कारण हिलमन मुळात ब्लूग्रासमध्ये मेंडोलिन वाजवणारा. बर्ड्‌सच्या १९६७च्या तबकडीतल्या त्याच्या गाण्यांतही कंट्रीची चाहूल लागतेच. म्हणजे पार्सन्स आला तेव्हा दार आधीच किलकिलं होतं.

नॅशव्हिलमधलं पहिलं ध्वनिमुद्रण ९ मार्चला झालं. त्या शहरातल्या स्टुडिओंची शिस्त इतिहासकाराला फार उपयोगी पडते. तिथे काम तीन-तीन तासांच्या सत्रांत चाले आणि संगीतकारांच्या संघटनेच्या नियमानुसार प्रत्येक सत्राची नोंद होई: तारीख, गाणं, वाजवणाऱ्यांची नावं. कॅलिफोर्नियाहून आलेल्या चौघांसोबत तिथे पेडल स्टीलवर लॉइड ग्रीन होते, बॅन्जो आणि फिडलवर जॉन हार्टफर्ड, बासवर रॉय हस्की. पुढे एप्रिल-मेमध्ये हॉलिवूडला उरलेलं काम झालं. तिथे पेडल स्टीलवर जेडी मेनेस, पियानोवर अर्ल बॉल आणि गिटारवर क्लॅरेन्स व्हाइट होते. ९ मार्चच्या पहिल्याच दिवशी बॉब डिलनचं 'यू एन्ट गोइंग नोव्हेअर' आणि पार्सन्सचं 'हिकरी विंड' ही दोन गाणी झाली. तबकडीच्या दोन्ही बाजू याच गाण्यांनी सुरू होतात, आणि दोन्हींत पहिल्यापासून कानात भरतं ते ग्रीन यांचं स्टील.

पेडल स्टील हे वाद्य मांडीवर नसतं. ते चार पायांवर आडवं उभं असतं. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, पायाखालच्या आणि गुडघ्यालगतच्या तरफांनी काही तारांचा सूर चढतो-उतरतो आणि बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. म्हणून त्यात एकाच वेळी एक स्वर थांबलेला आणि दुसरा वितळत चाललेला ऐकू येतो. त्याची थोरली बहीण, म्हणजे हवाईयन गिटार, आपल्याकडे व्हॅन शिपली यांनी हिंदी चित्रगीतांच्या तबकड्यांवरून घरोघरी पोचवली होती. ज्यांनी ती ऐकली आहे, त्यांच्या कानाला 'हिकरी विंड' परकं वाटणार नाही.

१५ मार्चला बर्ड्‌स ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या मानाच्या कार्यक्रमात गायले. तो शुक्रवार होता, आणि रायमन सभागृहात शुक्रवार-शनिवारी ऑप्रीचा कार्यक्रम होई. तारीख आणि वार जुळतात. लांब केसांच्या रॉकवाल्यांना त्या रंगमंचावर उभं करणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. सूत्रसंचालक टॉमपॉल ग्लेझर यांनी मर्ल हॅगर्डचं गाणं जाहीर केलं आणि पार्सन्सने ऐन वेळी ते बाजूला सारून 'हिकरी विंड' आपल्या आजीला अर्पण करून गायलं. इथवर सगळ्यांच्या आठवणी जुळतात. श्रोत्यांनी हुर्यो किती केली, यावर मात्र त्या फाटतात: कुणाच्या आठवणीत सभागृहभर टिंगल आहे, कुणाच्या आठवणीत थंड सभ्यता. चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीपुढे मी वाराची जुळणी जास्त मानतो, आणि हुर्योचं प्रमाण ठरवायच्या फंदात पडत नाही. त्याच मुक्कामात रेडिओ निवेदक राल्फ एमरी यांनी बर्ड्‌सना जी वागणूक दिली, तिचा राग मात्र कागदावर राहिला. मॅग्विन आणि पार्सन्स यांनी त्यावर गाणंच लिहिलं, आणि ते १९६९च्या बर्ड्‌सच्या तबकडीत आहे.

आता मुख्य भांडण. पार्सन्सने सहा गाण्यांत मुख्य आवाज दिला होता. छापून आलेल्या तबकडीत त्यांतली तीनच त्याच्या आवाजात आहेत. 'द ख्रिश्चन लाइफ' आणि 'यू डोन्ट मिस युवर वॉटर' मॅग्विनने पुन्हा गायली, 'वन हंड्रेड इयर्स फ्रॉम नाऊ' मॅग्विन आणि हिलमनने मिळून. प्रचलित कारण असं, की पार्सन्स आधीच्या इंटरनॅशनल सबमरीन बँडसाठी ली हेझलवूड यांच्या कंपनीशी बांधलेला होता आणि त्या कंपनीने कोर्टाची धमकी दिली. निर्माते गॅरी अशर यांनी नंतर वेगळंच सांगितलं: कायद्याचा पेच सुटला होता, पण तबकडी पार्सन्सचीच होऊन बसेल ही मॅग्विनला धास्ती होती. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. आधी वकिलांच्या भीतीने आवाज काढले, आणि भीती गेल्यावर परत घालायची निकड कुणालाच वाटली नाही. तीन गाणी बदलली आणि तीन तशीच राहिली, हे अर्धवटपण मला तरी असंच समजावून घेता येतं. नुसत्या कायद्याचा प्रश्न असता तर सहाही जायला हवी होती.

सुदैवाने फिती जपल्या गेल्या. पार्सन्सच्या आवाजातली ती तीन गाणी १९९०च्या बर्ड्‌स संचात बाहेर आली आणि २००३च्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीत सगळा ऐवज शेजारी शेजारी ठेवता आला. हा पुरावा आठवणीसारखा विरत नाही; हवा तितक्यांदा तपासता येतो. 'द ख्रिश्चन लाइफ' दोन्ही आवाजांत लागोपाठ ऐकलं, तर मॅग्विनने ओढूनताणून काढलेला दक्षिणी हेल लगेच कळतो. पार्सन्स तेच शब्द सरळ, विश्वासाने गातो. इथे पार्सन्स निर्विवाद सरस आहे. 'वन हंड्रेड इयर्स फ्रॉम नाऊ'मध्ये मात्र मला मॅग्विन-हिलमनचे जुळलेले दोन आवाज अधिक आवडतात, आणि पार्सन्सच्या भक्तांनी कितीही समजावलं तरी ते मत बदललेलं नाही.

पण या तुलनेतून त्याहून मोठी गोष्ट हाती लागते. गायक आणि वाद्यं फितीवर वेगवेगळ्या मार्गांवर असल्याने आवाज बदलला तरी खालची साथ तीच राहिली. स्टीलचा तोच उसासा, व्हाइटच्या गिटारचं तेच मधेच अंग काढून घेणं. आवाजावरून हक्क, पैसा, अहंकार यांची ओढाताण झाली. वाद्यांवरून झाली नाही, कारण तिथे कुणाला कुणावर मात करायची नव्हती. गाणी लूव्हिन बंधूंची, विल्यम बेलची, वुडी गथ्रीची, हॅगर्डची, डिलनची. तबकडीतल्या अकरा गाण्यांपैकी दोनच पार्सन्सची. माझ्या मते दीर्घायुष्य इथून आलं: मुरलेल्या रचना, आणि गायक कुणीही असो, त्यांना तोलून धरणारी नॅशव्हिल घराण्याची साथ.

त्या वेळच्या ग्राहकाला हे कळलं नाही, त्याचीही कारणं दिसतात. तबकडीच्या रेडिओ जाहिरातीत एक पुरुष आणि एक स्त्री हे बर्ड्‌सच आहेत की नाही यावरून वाद घालतात. कंपनीलाही खरेदीदाराचा गोंधळ माहीत होता. वेष्टनावर वाद्यवृंदाचा फोटो नाही, जो मोरा या चित्रकाराच्या १९३३च्या पोस्टरमधली काउबॉयची रंगीत दुनिया आहे. शिवाय पार्सन्स जुलैतच लंडनमध्ये वेगळा झाला होता. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जायला त्याने नकार दिला आणि कारण वर्णभेदाचं सांगितलं. हिलमनचा त्यावर पूर्ण विश्वास कधी बसला नाही, पण लवकरच दोघे पुन्हा एकत्र आले आणि फ्लाइंग बरिटो ब्रदर्स उभे राहिले. त्यांची फेब्रुवारी १९६९ची पहिली तबकडी तर १६४व्या क्रमांकावरच अडली. बरिटोंमधला बर्नी लेडन पुढे ईगल्सच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि पैसा व प्रसिद्धी कंट्री-रॉकला मिळाली ती तिथे.

२०१८ साली पन्नास वर्षं झाली म्हणून मॅग्विन आणि हिलमन मार्टी स्टुअर्ट यांच्या वाद्यवृंदासह दौऱ्यावर निघाले. स्टुअर्टच्या हातात क्लॅरेन्स व्हाइटची मूळ टेलिकास्टर गिटार होती. त्याच वर्षी लॉइड ग्रीन आणि जेडी मेनेस या दोघांनी 'जर्नी टू द बिगिनिंग' ही तबकडी काढली. त्यांनी 'स्वीटहार्ट'ची गाणी पुन्हा वाजवली आणि जवळजवळ सगळीकडे गायकाच्या जागी स्टील ठेवलं. ज्या गाण्यांवर कुणाचा आवाज राहावा यावरून १९६८ साली कुरबूर झाली, ती इथे आवाजाविना पूर्ण उभी राहतात.