हातातले कसब आणि धंद्याची विद्या

आजकाल जिकडे तिकडे उद्योजकता, तंत्रकौशल्य, जागतिक बाजारपेठ हे शब्द कानी पडतात. जणू काही ही कालपरवाची नवलाई आहे! परंतु इतिहासाची पाने चाळली म्हणजे असे दिसते की, जगाचा बाजार आपल्या ह्या झाडीपट्टीत शंभर वर्षांपूर्वीच येऊन दाखल झाला होता. तो आला तेव्हा कोण पुढे गेले, कोण मागे राहिले आणि का, हे पाहणे आपल्या समाजाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

१८८० मध्ये नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग रुंद केला आणि गोंदिया हे मोठे ठाणे बनले. १९०८ मध्ये गोंदिया-नागभीड ही छोटी गाडी सुरू झाली आणि आपल्या अर्जुनीच्या रानाला मुंबई-कलकत्त्याची वाट मिळाली. ह्या रानात तेंदूचे झाड अमाप. त्याचे पान गुंडाळले तरी फाटत नाही. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळामुळे मध्य प्रांतात आलेल्या पटेल मंडळींनी हा गुण हेरला. मोहनलाल-हरगोविंददास यांनी जबलपूरला बिडीचा धंदा वाढविला, आणि पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडेही त्याचा पसारा झाला. तंबाखू बाहेरून येई. पान आणि हात मात्र इथलेच!

त्या हातांचे कसब सामान्य नव्हते. पान भिजवायचे, फर्म्यावर कात्रीने कापायचे, नेमकी तंबाखू भरून वळायचे, टोक मुडपून दोऱ्याने बांधायचे. हे सारे नजर न टाकता, हजारांच्या हिशेबाने! केशोरीसारख्या गावांतून कितीतरी आयाबहिणींनी, हिंदू काय आणि मुसलमान काय, सुपावर बसून संसार चालविले. सट्टेदार पान-तंबाखू मोजून देई आणि बिड्या मोजून घेई. त्यातली ‘छाट’ बाजूला पडे, तिची मजुरी मिळत नसे. किती पाने दिली, किती बिड्या उतरायला हव्यात, छाट किती धरावी, हा सारा हिशेब सट्टेदाराच्या वहीत असे आणि ती वही वाचता न येणाऱ्याच्या वाट्याला फक्त मजुरी येई. कामगारांच्या संरक्षणाचा कायदा व्हायला १९६६ साल उजाडले; कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये झाला.

तात्पर्य, कसब एकाजवळ आणि धंद्याची विद्या दुसऱ्याजवळ, अशी ही वाटणी होती. छाप कोणती लावावी, माल कुठे पाठवावा, रेल्वेचे भाडे किती पडेल, हे ज्यांना कळत होते ते मालक झाले. मात्र एक गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. गोंदियाचे बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी, स्वतःला फारसे शालेय शिक्षण मिळालेले नसताना, १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापून ह्या मागास भागात शिक्षणाची दारे उघडली. विद्येवाचून धंदा टिकत नाही, हे धंद्यात मुरलेल्या माणसानेच ओळखले!

आता थोडे मागे जाऊ. १८७४ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जमशेटजी टाटांनी नागपूरच्या गिरणीसाठी कंपनी काढली, आणि त्याच वर्षी मुंबईत बद्रुद्दीन तैयबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन केली. एकाने यंत्र आणले, दुसऱ्याने पाटी-पेन्सिल. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी, हे हेरून टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. पुढे रिंग पद्धतीच्या चात्या विलायतेतील कित्येक गिरणीवाले नाकारीत असतानाच त्यांनी त्या बसविल्या. परंतु तीच गिरणी जग बदलत गेले तशी मागे पडली आणि २००२ मध्ये बंद झाली. यंत्र एकदा आणून भागत नाही; शिकणे थांबले की यंत्रही भंगार होते.

विद्या आणि धंदा एका ठायी आल्यास काय घडते, ह्याचे उत्तम उदाहरण डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे होय. अलीगढचा हा तरुण जर्मनीत जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टर झाला. नोकरीच्या मागे न लागता १९३५ मध्ये त्याने मुंबईत सिप्ला ही औषधांची कंपनी काढली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनविण्याच्या पद्धतीलाच पेटंट देण्याचे ठरविले, तेव्हा ज्यांच्याजवळ रसायनाचे ज्ञान होते त्यांना वाट मोकळी झाली. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. तोवर त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. आफ्रिकेतील गोरगरिबांचे प्राण त्यामुळे वाचले. इमानदारीने केलेला धंदा हीही खिदमतच आहे. हजरत पैगंबर (स.) यांनी स्वतः व्यापार केला आणि हजरत खदीजा (र.) ह्या मक्केच्या नामांकित व्यापारी होत्या, हे आपण विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, हे मोठ्यांचे झाले. आमच्यासारख्या खेड्यातल्यांनी काय करावे? त्याचेही उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला, आणि २०१३ पासून गोंदिया जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी आपली तेंदूपाने स्वतः विकावयास सुरुवात केली. रान तेच, पान तेच, मजूरही तेच. फरक इतकाच की निविदा काढणे, करार वाचणे आणि हिशेब ठेवणे गावाने आपल्या हाती घेतले.

माझ्या वर्गातला एक मुलगा मोबाईल उघडून सहज दुरुस्त करतो. त्याला मी विचारले, “बाबा रे, सुटा भाग कितीचा, मजुरी किती, महिन्याला उरले किती?” तो नुसता हसला. मला त्याच्या हसण्यात सुपावर बसलेल्या त्या आयाबहिणी दिसल्या. कसब आहे, वही नाही! आपल्या केशोरीच्या मिरचीचेही तेच. नाव तिचे दूरवर, पण भाव ठरविणारा दुसराच.

म्हणून शाळांनी आणि आपल्या संस्थेने मुलामुलींना संगणक तर शिकवावाच. परंतु त्याबरोबर हिशेबाची वही, बँकेचा व्यवहार, अर्ज व करार वाचण्याची सवय हेही शिकवावे. मुलींना तर अगोदर, कारण बिडीच्या सुपावर त्यांच्याच आयाआज्यांची उमर गेली. रेल्वे आली तेव्हा आपण फक्त हात घेऊन उभे होतो. आता जी गाडी येत आहे, तिच्यासाठी हातात वहीही असू द्या.