लघवी होते की, थोडी थोडी

ही कुणा एकीची केस नाही. वॉर्डात पुन्हापुन्हा दिसणारा क्रम एका बाईच्या अंगावर मांडला आहे, एवढंच.

36 तास आधी. शनिवार, संध्याकाळी 6
वय 68, पाच बाळंतपणं. अंग बाहेर येतंय त्याला वर्षं लोटली. मोरीत बसायचं, बाहेर आलेला गोळा दोन बोटांनी आत सारायचा, मग धार सुटते. सुनेला यातलं काही ठाऊक नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर. मूत्राशय आणि गर्भाशय खाली घसरले की तो दुमडतो. कित्येक महिने तिची लघवीची पिशवी पूर्ण रिकामी झालेली नाही. लघवी मागे तुंबून दोन्ही किडन्या फुगल्यात. दुखत मात्र काहीच नाही.

आज सर्दी आहे. मेडिकलवाल्याने दोन गोळ्या कागदात बांधून दिल्या.

33 तास आधी. रात्री 9
गोळीतलं क्लोरफेनिरामिन पिशवीचा स्नायू सैल पाडतं, फिनाइलेफ्रिन तिचं तोंड आवळतं. बोटांनी सारूनही आज धार येत नाही.

24 तास आधी. रविवार, सकाळी 6
जळजळ, थेंब थेंब. घरात निदान होतं: उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी, दुपारपर्यंत दोन शहाळी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते बाहेर टाकायचं काम ज्या किडन्यांचं, त्या आधीच थकलेल्या.

18 तास आधी. दुपारी 12
दवाखाना. ‘‘लघवी होते का, आजी?’’
‘‘होते की, थोडी थोडी.’’

सगळं इथे फसलं. ती लघवी होत नव्हती, सांडत होती. काठोकाठ भरलेल्या पिशवीतून दाबामुळे थेंब गळतात, नेसलेलं लुगडं ओलं राहतं आणि सगळ्यांना वाटतं, वाट मोकळी आहे. ओटीपोटावर हात ठेवला असता तर बेंबीपर्यंत आलेला घट्ट गोळा लागला असता. सोनोग्राफीचीही गरज नव्हती. म्हाताऱ्याची लघवी अडली की शेजाऱ्यालासुद्धा प्रोस्टेट आठवतं. बाईच्या बाबतीत अडथळा कुणाच्या मनातच येत नाही. आणि खाली तपासायचं म्हटलं तर तिलाही संकोच, डॉक्टरलाही. सिलिकॉनची रिंग बसवून अंग वर धरता येतं, ऑपरेशनशिवाय, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तिला मिळालं काय? कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, जे अशा किडन्यांना आणखी मारतं. अशक्तपणा म्हणून एक सलाईन. भरलेल्या पिशवीत आणखी भर.

10 तास आधी. रात्री 8
दात वाजवणारी थंडी. तुंबलेल्या लघवीत वाढलेले जंतू किडनीतून रक्तात उतरलेत.

6 तास आधी. मध्यरात्र
ती असंबद्ध बडबडते. तापातलं बरळणं म्हणून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या.

3 तास आधी. पहाटे 3
108 तिला ग्रामीण रुग्णालयात आणते. रक्तदाब 70. सिस्टर चादर बाजूला करते, पोट चाचपते आणि कुणाला न विचारता नळीचा ट्रे मागवते. सुनेला अंग बाहेर येत असल्याचं आत्ता कळतं. नळीतून 1,900 मिली गढूळ, वासाची लघवी उतरते. एरवी पिशवीत मावते 400 ते 500. अँटिबायोटिक सुरू होतं. ईसीजीवर तंबूसारख्या टोकदार टी लाटा, म्हणजे पोटॅशियम चढलंय. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात, पण त्याने हृदयाला थोडा वेळ मिळतो, पोटॅशियम कमी होत नाही. डायलिसिस जिल्ह्याच्या गावी.

दीड तास आधी. पहाटे साडेचार
ॲम्ब्युलन्स निघते. सोबत मुलगा, कागदांची पिशवी.

0. सोमवार, सकाळी 6
जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात हृदय थांबतं. छातीवर दाब, ॲड्रेनालिन, पुन्हा कॅल्शियम. साडेसहाला प्रयत्न थांबवतात. दाखल्यावर कारण लिहिलं जातं: रक्तातला जंतुसंसर्ग, किडनी निकामी. अडथळ्याचा उल्लेख नाही.